आतून टकटक

स्वतःच्या स्वयंपाकघरातून बाहेर यायचं तर दीपालीला आधी आतून टकटक करावी लागे. हे ऐकून कुणी म्हणेल, कुठल्या जुन्या काळातलं सांगताय. मुळीच नाही. वाकडचा अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्टमध्ये आरसा, नवरा प्रज्ञेश हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये, सासरे दर रविवारी विहारात समतेवर बोलणारे, आणि स्वतः दीपाली शाळेत आठवी-नववीला मराठी शिकवणारी. तरीही टकटक करायची, बाहेरून प्रज्ञेशचं "हां, ये" ऐकू यायची वाट बघायची आणि मग काचेचं सरकतं दार जेमतेम अंगापुरतं उघडून बाहेर यायचं. दार लगेच मागे ओढून घ्यायचं. विसरली, की हॉलमधून तिघांचा एकदम आवाज, "दार!"

याला कारण एक पांढरं मशीन. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या आठवड्यात पायलला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, दम्याचा मोठा झटका आला. ओठ निळे पडले होते पोरीचे. हॉस्पिटलच्या बाकावर बसून प्रज्ञेश हमसून हमसून रडला, ते दीपालीनं पाहिलं होतं. पायल बरी होऊन घरी आली आणि प्रज्ञेश वाचायला लागला. प्रज्ञेश घाबरला की वाचतो. हवेतले कण, त्यांचे आकार, ते फुफ्फुसात कुठवर जातात, सगळं वाचून त्यानं हवा शुद्ध करायचं मशीन आणलं. त्याच्यावर एक आकडा दिसे आणि एक दिवा. हवा चांगली असली की आकडा खाली आणि दिवा हिरवा, बिघडली की आकडा वर आणि दिवा लाल. तेव्हापासून त्या घरात सकाळी उठून आधी आकडा बघायचा आणि मग चहा घ्यायचा, अशी रीत पडली.

मशीन आधी पायलच्या खोलीत होतं. मग ते हॉलमध्ये आलं, कारण "हॉलमध्ये सगळ्यांनाच फायदा." प्रज्ञेश आठवड्यातून दोन दिवस हॉलमध्ये बसून काम करायचा, टीव्ही हॉलमध्ये होता आणि आलेगेले पाहुणेही हॉलमध्येच बसत. पाहुण्यांना आकडा दाखवायला त्याला फार आवडे.

या आकड्यासाठी घरात त्याग झाला, आणि त्यागाचं कौतुकही झालं. सासऱ्यांनी, बाबुरावांनी, सकाळच्या वंदनेतली अगरबत्ती सोडली. पोस्टात आयुष्य गेलेला शिस्तीचा माणूस. बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे चाळीस वर्षं रोज अगरबत्ती लावली होती त्यांनी. एका सकाळी स्वतःहूनच म्हणाले, "नातीच्या श्वासापेक्षा अगरबत्ती मोठी नाही. फुलं वाहीन." ही गोष्ट विहारात पसरली, नातेवाइकांत पसरली, आणि जो येई तो म्हणे, "बाबा, तुमचं खरंच कौतुक." सासूबाईंनी, सुंदराबाईंनी, डासांची कॉइल सोडली. त्यांचंही कौतुक झालं. यात खोटं काहीच नव्हतं. दीपालीलाही तेव्हा भरून आलं होतं.

राहिली फोडणी. फोडणी पडली की मशीन लाल व्हायचं. तव्यावर भाकरी भाजली तरी लाल. कांदा परतला तरी लाल. आता भाकरी सोडा असं कुणी म्हणालं नाही, कारण भाकरी सगळ्यांना हवी होती. मग प्रज्ञेशनं यावर इंजिनिअरसारखा विचार केला. ओपन किचन होतं, तिथं सरकतं काचेचं दार बसवलं, कडेनं रबराची पट्टी, धूर इकडचा तिकडे जायची सोय नाही. समोरच दोन टॉवर उभे राहत होते, सिमेंटची धूळ यायची, म्हणून स्वयंपाकघराची खिडकी बदलून तिथं एकसंध काच सिलिकॉननं पक्की चिकटवली. जुन्या खिडकीतला एक्झॉस्ट पंखा काढला तो काढलाच. "चिमणी आहे की," तो म्हणाला. गॅसवर मोठी, काळ्या काचेची, बटण दाबलं की विमानासारखा आवाज करणारी चिमणी होती खरी.

टकटकीचं कारणही तयार होतं. दार अचानक उघडलं तर आकडा उसळतो. टकटक केली की तो आधी मशीन जोरात लावणार, मग "ये" म्हणणार. दीपाली ऐकत गेली. पायलचे निळे ओठ तिनेही पाहिले होते. लेकीच्या श्वासासाठी एक दार लावून घ्यायला कुठली आई नाही म्हणेल? तिला कुणी कोंडलं नव्हतं हो. ती स्वतःच्या पायांनी आत गेली आणि स्वतःच्या हातानं दार लावून घेतलं. रोज, दोन वेळा, दीड वर्ष.

खोकला पहिल्या पावसाळ्यातच सुरू झाला होता. आधी "वातावरण बदललंय", मग "ॲलर्जी असेल", मग "खडूमुळे असेल". शाळेत खडू केव्हाच गेले होते, पांढऱ्या फळ्यावर पेननं लिहितात, पण हे घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. दीपालीचा आवाज हे तिचं भांडवल. कविता वाचायला लागली की शेवटच्या बाकावरची मुलंही मान वर करायची. जानेवारीत एक दिवस नववीच्या वर्गात तिनं कविता सुरू केली आणि दुसऱ्याच कडव्यात श्वास संपला. ओळ अर्धी राहिली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तिथंच अडली. मुलं हसली नाहीत. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं गुपचूप पाण्याची बाटली पुढे केली, आणि दीपालीला त्या क्षणी जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

ती एकटीच औंधला डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी तिला एका नळीत जोरात फुंकायला लावलं. पुन्हा फुंका म्हणाल्या. पुन्हा एकदा. मग कागद बघत त्यांनी विचारलं, "घरी सिगारेट कोण ओढतं?"

"कुणीच नाही."

"तुम्ही?"

दीपाली हसली, आणि हसताना खोकली.

"चुलीवर स्वयंपाक करता का?"

"मॅडम, मी वाकडला राहते."

"कुठं राहता ते नाही विचारलं. धूर कुठून येतोय ते विचारतेय. चाळिशीच्या आतली फुफ्फुसं आहेत तुमची, आणि फुंकर साठीतल्या बाईची." त्यांनी पंप लिहून दिला. उठताना म्हणाल्या, "गेलेलं परत येत नाही हे लक्षात ठेवा. जे उरलंय ते सांभाळायचंय. धुरापासून लांब राहायचं, म्हणजे राहायचंच."

रिक्षात दीपाली तो कागद मांडीवर धरून बसली होती. तिला आधी भीती वाटली, आणि वाकडचा चौक येईपर्यंत भीतीचा राग झाला होता. तो राग नेमका कुणावर हे मात्र तिला तेव्हा कळेना.

घरी तिनं सगळं सांगितलं. प्रज्ञेशनं ते नीट ऐकून घेतलं, हेही खरं. मग त्यानं मोबाईल काढला.

"पण आपली हवा तर बेस्ट आहे. हे बघ. मागच्या महिन्याचा ग्राफ. ऑल ग्रीन."

"हा हॉलचा आहे."

"हो. मग?"

"मी हॉलमध्ये स्वयंपाक करत नाही, प्रज्ञेश."

"चिमणी आहे ना पण आत. फुल स्पीडवर ठेवत जा."

"मशीन दोन दिवस आत ठेवून बघू या का? निदान आकडा तरी कळेल."

"छे, छे! तेलकट धुरानं फिल्टरची वाट लागते. मॅन्युअलमध्ये क्लिअरली लिहिलंय, किचनमध्ये ठेवू नये." मग जरा विचार करून, अगदी मनापासून, तो म्हणाला, "तू मास्क लाव ना आत. कोविडचे पडलेत कपाटात."

तिनं मास्कही लावून पाहिला. मास्क लावून भाकऱ्या थापल्या, मास्क खाली ओढून मीठ चाखलं, पुन्हा वर केला. घामानं तोंडाला चिकटलेल्या मास्कमधून श्वास आणखीच पुरेना, तेव्हा चौथ्या दिवशी काढून कचऱ्यात टाकला. फिल्टरचं ते वाक्य मात्र तिच्या डोक्यात राहिलं. भाजी चिरताना आठवायचं, बसमध्ये आठवायचं. फिल्टरची वाट लागते. फिल्टर.

आणि मग तो रविवार आला.

बाबुरावांचे पोस्टातले दोन जुने सहकारी जेवायला यायचे होते. मटणाचा बेत होता, आणि सुंदराबाईंचा काळा मसाला नेमका संपलेला. विकतचा मसाला त्या घरात चालत नसे. सुंदराबाई गुडघ्यांमुळे उभ्या राहू शकत नव्हत्या, पण मसाल्याचं सगळं प्रमाण त्यांच्या जिभेवर होतं, आणि ते त्या सोफ्यावर बसून सांगत. धणे, तीळ, खोबरं, दगडफूल, आणि शेवटी मिरच्या, तेलाच्या हातानं चांगल्या काळपट होईपर्यंत भाजलेल्या. मिरच्या भाजायच्या म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको. शेजारच्या बिल्डिंगमधल्या माणसालाही ठसका लागतो.

पायल सकाळीच क्लासला गेली होती. तिच्यादेखत मिरच्या भाजायच्या नाहीत हे दीपालीनं स्वतःच ठरवलं होतं. ती दुपारी येईपर्यंत सगळं उरकायचं, असा हिशेब. पोरगी घरात नव्हती, हे ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्यावरच आहे.

पाहुणे आले. काचेतून दीपालीला ते दिसत होते. बाबुराव त्यांना बसवत होते, सुंदराबाई विचारपूस करत होत्या आणि प्रज्ञेश मशीनपाशी उभा राहून काहीतरी समजावत होता. आवाज येत नव्हता. चिमणी घोंघावत होती आणि दाराला रबर होतं. दीपालीनं खोबरं भाजून काढलं, थोडं तेल सोडलं आणि मिरच्या कढईत टाकल्या.

पहिल्या मिनिटाला डोळ्यांतून पाणी आलं. ते नेहमीचंच. दुसऱ्या मिनिटाला ठसका लागला. तोही नेहमीचा. तिनं ओढणी नाकाला धरली आणि उलथनं हलवत राहिली. मग डोळे पुसायला मान वर केली आणि ती बघतच राहिली. चिमणी खालून धूर ओढत होती, यात शंका नव्हती. आणि तोच धूर वर पीओपीच्या छतातल्या दिव्यांच्या भोकांतून, पांढऱ्या दोऱ्यांसारखा, पुन्हा खाली येत होता. चारही दिव्यांभोवती पिवळट तपकिरी डाग होते. तिनं ते डाग इतक्या वेळा पाहिले होते, आणि दर वेळी वाटलं होतं, वरच्या मजल्यावरचं पाणी झिरपत असेल.

तिनं गॅस बंद केला. तोवर छाती आवळली होती. श्वास आत जाईना आणि होता तो बाहेर निघेना. पंप बेडरूममध्ये, पर्समध्ये. ती दाराशी गेली आणि, सवय बघा, दार उघडलं नाही. टकटक केली.

बाहेर प्रज्ञेशनं वळून पाहिलं आणि हात वर करून थांब अशी खूण केली. ती पुन्हा टकटकली. त्यानं दार बोटभर उघडलं आणि म्हणाला, "दोन मिनिटं थांब गं. काकांना दाखवतोय. आता बारावर आलाय." आणि दार पुन्हा लागलं. काचेच्या पलीकडे तो पाहुण्यांना म्हणत असणार, आता दार उघडलं असतं तर बघा कसा वर गेला असता. पाहुणे माना डोलावत होते. बाबुरावही डोलावत होते.

दीपाली काचेला हात टेकून उभी होती. बारा. कुणासाठी बारा? पायल घरात नव्हती. ज्या लेकीच्या नावानं हे दार बसलं, खिडकी बंद झाली, ती लेक तिकडे क्लासमध्ये गणितं सोडवत होती, आणि तिची आई इथं मिरचीच्या धुरात उभी होती, कारण पोस्टातल्या दोन म्हाताऱ्यांना आकडा दाखवायचा होता. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कशी जाते हे दीपालीला त्या काचेपाशी कळलं. इतके दिवस तो राग कुणावर आहे हे कळत नव्हतं, ते आता कळलं. आणि त्यात ती स्वतःही होती.

तिनं दार पूर्ण उघडलं. पार भिंतीपर्यंत. धडाम आवाज झाला.

"दार!" बाबुराव सवयीनं म्हणाले.

ती कुणाकडेही न बघता बेडरूममध्ये गेली, पर्समधून पंप काढला, दोनदा ओढला आणि पलंगाच्या कडेला बसून श्वास परत येण्याची वाट पाहिली. हॉलमध्ये एकेक करून सगळे खोकायला लागल्याचं तिला ऐकू येत होतं. पाहुण्यांपैकी एकजण "अरे बापरे, अरे बापरे" म्हणत बाल्कनीकडे पळाला. मशीन किंचाळल्यासारखं फिरत होतं.

ती बाहेर आली तेव्हा प्रज्ञेश स्वयंपाकघराचं दार लावायला निघाला होता.

"हात लावू नकोस त्याला," ती म्हणाली.

"अगं, तीनशेवर गेलाय!"

"चिमणीचा पाइप कुठं जातो?"

"काय?"

"चिमणीचा पाइप. कुठं जातो? सोपा प्रश्न आहे."

प्रज्ञेशनं पाहुण्यांकडे पाहिलं. "आपण नंतर बोलू या का? लोक आलेत."

हे 'नंतर' तिला पुरतं ठाऊक होतं. तिनं आत जाऊन खलबत्त्यातला लोखंडी बत्ता उचलला, ओट्यावर चढली, आणि सगळ्यात गडद डाग जिथं होता तिथं छतावर घाव घातला. पहिल्या घावात पीओपीला तडा गेला. दुसऱ्यात ताटाएवढा तुकडा खाली पडून मिरच्यांच्या कढईत फुटला. तिसऱ्यात चांदीच्या रंगाचा लवचीक पाइप भसकन खाली लोंबला, आणि त्याच्या तोंडातून काळं, चिकट तेल ओट्यावर ठिबकायला लागलं. पाइप कुठंच जात नव्हता. चिमणीतून निघून तो छताच्या पोकळीत शिरत होता आणि तिथंच संपत होता.

 चिमणी अजून घोंघावत होती. दीपालीनं ओट्यावरूनच बटण दाबून ती बंद केली.

"तुला माहीत होतं?" तिनं विचारलं.

खोटं बोलायचं प्रज्ञेशला जमत नाही. हा त्याचा गुण म्हणायचा की काय, देव जाणे. "सोसायटी बाहेरच्या भिंतीला भोक पाडू देत नाही," तो म्हणाला. "बिल्डिंगचं एलेव्हेशन, बाहेरून दिसायला, खराब होतं म्हणतात. इंटिरिअरवाल्याला म्हटलं, सध्या वरच सोडून दे. नंतर बघू. तेव्हा पायलचं काही नव्हतं गं. नंतर मग राहून गेलं."

"राहून गेलं."

"आणि चिमणी ओढत होती की. म्हणजे थोडंफार तर..."

"ओढत होती आणि माझ्याच डोक्यावर परत सोडत होती! दार लावलंस, खिडकी चिकटवलीस, पंखा काढलास, आणि हे माहीत असून मला म्हणालास, फुल स्पीडवर ठेव. मी काय मागितलं होतं तुझ्याकडे? मशीन दोन दिवस आत ठेव म्हटलं. तर फिल्टर खराब होतो! फिल्टर खराब होतो म्हणून मशीन आत ठेवायचं नाही, पण मला ठेवायचं. फिल्टर बदलून मिळतो रे. माझी फुफ्फुसं बदलून मिळणार आहेत का?"

"दीपाली, हे सगळं पायलसाठी..."

"पायलचं नाव घेऊ नकोस!" ती इतक्या जोरात ओरडली की पुन्हा खोकला आला, आणि खोकला सरेपर्यंत सगळ्यांना थांबावं लागलं. त्या घरात बऱ्याच दिवसांनी सगळे तिच्यासाठी थांबले होते. "पायल घरात नाहीये. माझा जीव जात होता तेव्हा तू बारा दाखवत होतास."

ती ओट्यावरून उतरली. हॉलमध्ये गेली, मशीनचा प्लग ओढून काढला आणि ते अवजड धूड दोन्ही हातांनी ढकलत पायलच्या खोलीत नेलं. तिथं लावलं, चालू केलं, पायलच्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं. "तिच्यासाठी आणलं ना? मग तिच्या खोलीत राहील. दार लावायचं तर हे लावायचं."

मग खोबरं कापायला काढलेली सुरी घेऊन ती खिडकीशी गेली. खाली पार्किंगमध्ये मुलं खेळत होती म्हणून, नाहीतर तिनं काच फोडलीच असती. सुरीचं टोक सिलिकॉनमध्ये खुपसून ती चारी बाजूंनी कापत गेली. प्रज्ञेश मागे येऊन उभा राहिला.

"अगं, काय करतेयस? बाहेर एकशे ऐंशी आहे आज! मोबाईलवर बघ हवं तर."

"मी आत होते तिथं किती होता, ते कधी बघितलंस?"

ते त्यानं खरंच कधी मोजलं नव्हतं. घरातला प्रत्येक कोपरा मोजणाऱ्या माणसानं तेवढी एक जागा सोडली होती. काच सुटली. दीपालीनं ती आत ओढून घेतली, भिंतीला उभी टेकवली, आणि डोकं बाहेर काढलं. समोरच्या टॉवरची धूळ, रस्त्यावरच्या डंपरचा धूर, सिमेंटचा वास, सगळं एकदम नाकात शिरलं. ज्या हवेला दोन वर्षं घरातले सगळे भीत होते ती हवा तिनं पोटभर घेतली. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाही राग आला.

हॉलमध्ये पाहुणे चपला शोधत होते. बाबुराव खुर्चीत बसले होते. बोलल्या त्या सुंदराबाई. सोफ्याच्या हाताला धरून त्या कशाबशा उठल्या, दारापर्यंत आल्या आणि वर लोंबणाऱ्या पाइपाकडे बघत राहिल्या.

"आई, तुम्ही नका येऊ, ठसका लागेल," दीपाली म्हणाली. आता त्याही "आमच्या वेळी चूल होती, आम्ही नाही का केलं" असं काहीतरी बोलणार, याची ती वाटच बघत होती. बोलल्या तर त्यांनाही सोडायचं नाही, हे तिनं ठरवलं होतं.

सुंदराबाई मुलाशी बोलल्या. "प्रज्ञ्या, पर्वतीच्या वस्तीत आलो तवा तू माझ्या पोटात होतास. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा. पहिल्या दिवशी चूल पेटवली आन् मी खोकायला लागले. तुझा बाप काही बोलला न्हाई. उठला, कुणाची तरी छिन्नी मागून आणली, वर चढला आन् पत्र्याला भोक पाडलं. खोलीवाल्यानं शिव्या दिल्या. पावसात तिथून पाणी गळायचं, खाली बादली ठेवायचो. पण भोक बुजवलं न्हाई." त्यांना दम लागला. त्या थांबल्या, आणि मग बाबुरावांकडे वळून म्हणाल्या, "आन् आता तुमीच वरडता व्हय, दार म्हणून?"

बाबुरावांनी मान वर केली नाही. त्यांचे दोन्ही मित्र दारात, एकेक चप्पल पायात घालून, तसेच उभे होते. रविवारी समतेवर बोलायला उभे राहिले की बाबुरावांना शब्द कधी कमी पडत नसत.  आता ते उठले, स्वयंपाकघरात आले, डायनिंगची एक खुर्ची ओढली आणि वर चढायला लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पांढरा इस्त्रीचा सदरा. त्यांनी दोन्ही हातांनी तो तेलकट पाइप पोकळीतून बाहेर ओढला, आणि खांद्यावरून, सदऱ्यावर काळे ओघळ पडू देत, खिडकीच्या मोकळ्या चौकटीपर्यंत नेला. पाइपाचं तोंड वीतभर बाहेर काढून ते तसंच धरून उभे राहिले. "सुतळी दे," ते प्रज्ञेशला म्हणाले. "बांधायला."

दीपालीनं त्यांना मदत केली नाही. तिच्या मनात कुणासाठी काही पाझरलं वगैरे नव्हतं. तिनं कढई उचलली, पीओपीचा चुरा पडलेल्या मिरच्या कचऱ्यात ओतल्या आणि नळ सोडला. आज मटण होणार नव्हतं. सरकतं दारही आज संध्याकाळपर्यंत रुळावरून निघणार होतं. आणि ते काढणार होता प्रज्ञेश.

प्रज्ञेश सुतळी घेऊन आला. पाइप बांधता बांधता त्यानं खिडकीतून वाकून खाली पाहिलं, मग वर पाहिलं. "बाबा, हा लांबून दिसतोय," तो हळूच म्हणाला. "ग्रुपवर फोटो येईल आता. सोसायटीला काय सांगू?"

बाबुराव दीपालीकडे बघायला लागले.

दीपालीनं नळ बंद केला. ओले हात ओढणीला पुसले.

"सांग," ती म्हणाली, "आत माणूस होतं."